जगत्कुमारचं एकुलतं एक वाक्य

माणसाची फजिती झाली की ती त्याची एकट्याची राहत नाही, असा आमच्या जामसंड्याचा कायदा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिकूशेटच्या दुकानापुढच्या बाकड्यावर येते, तिला तिखटमीठ लागतं आणि दुपारपर्यंत ती गावची होते. एकाचे दोन किस्से होतात, दोनाचे चार. आमच्या जगूच्या बाबतीत मात्र आम्हाला काही लावावंसुद्धा लागलं नाही. माणूस मेहनती! दर वर्षी ताजा माल पुरवायचा.

जगू म्हणजे जगन्नाथ. मुंबईला गेल्यावर तो 'जगत्कुमार' झाला. रेडिओ आणि सिनेमातला नट. तुम्ही नाव ऐकलं नसेल. वाईट वाटून घेऊ नका, कुणीच ऐकलेलं नाही.

हे सगळं साठ सालाच्या अलीकडचं-पलीकडचं. बाकड्यावर आम्ही तिघं. दुकानाचा मालक भिकूशेट, ज्याच्याकडे वाडीतला एकमेव रेडिओ होता आणि तो त्याला सोन्याच्या गणपतीसारखा जपायचा. दुसरे पेद्रू मास्तर, शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. तिसरा मी आप्पा, पोस्टातला कारकून. जगूची आई येसूकाकी निरक्षर, विधवा, परड्यात हापूसची दोन कलमं एवढीच तिची इस्टेट. जगूची कार्डं तिला वाचून दाखवायची मी आणि उत्तरं लिहायची तीही मीच. म्हणजे जगूचं निम्मं करिअर माझ्या हस्ताक्षरात आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. मी जगूची नक्कल करायचो. तो आवाज, ते नाकातून येणारं 'न', आणि प्रत्येक वाक्याआधी गिळायचा तो आवंढा! आवंढा गिळल्याशिवाय जगू साधं 'हो' म्हणायचा नाही. मी नक्कल केली की भिकूशेट तागडी सोडून हसायचा. एकदा काकी मागून येऊन उभी राहिली, आम्हाला पत्ताच नाही. मी वळलो आणि पाणी पाणी झालो.

काकी शांतपणे म्हणाली, "बरां करतंस रे आप्पा. फक्त आवंढो वायच लांब घी."

*

या नटाचा जन्म शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाला. ऐतिहासिक नाटक. जगूला दूताचं काम. धावत यायचं आणि "महाराज, शत्रू वेशीपाशी आला!" एवढंच बोलायचं.

जगू धावत आला. जोरात आला, इतका की राजाच्या मांडीवर आपटायचा राहिला.

राजा म्हणाला, "काय खबर?"

जगूनं आवंढा गिळला.

राजा म्हणाला, "बोल दूता, काय खबर?"

जगूनं दुसरा आवंढा गिळला. पडद्यामागून मास्तर ओरडून वाक्य सांगतायत, पुढून पालक सांगतायत, पहिल्या रांगेतली बालवाडीची पोरंसुद्धा सांगतायत. जगू आपला गिळतोय!

शेवटी राजा वैतागला. उठला आणि म्हणाला, "कळलं! शत्रू वेशीपाशी आला ना? जा तू!"

दुसरा कुणी असता तर या प्रकारानंतर त्यानं नाटकाचं नाव काढलं नसतं. जगू घरी जाऊन आईला म्हणाला, "आये, माका मुंबयक जावचां. माका नट होवचां आसा." आणि त्या बाईनं त्याला देवगडच्या बंदरावरून बोटीत बसवून दिलं! वर सोबत आंब्याची एक पेटी.

*

ही पेटी महत्त्वाची. मुंबईत एक गृहस्थ होते, नटांची भरती करून द्यायचे. रेडिओवरच्या नाटकात गर्दी हवी, सिनेमात सैन्य हवं, की यांच्याकडे निरोप यायचा. जगू त्यांना 'साहेब' म्हणायचा. दर वैशाखात काकीच्या कलमांची एक पेटी बोटीनं या साहेबांकडे रवाना व्हायची.

पाच-सहा वर्षं कार्डं वाचून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. जगूला कामं मिळायची ती फक्त वैशाख-ज्येष्ठात. मिरगाचा पाऊस लागला, आंबे संपले, की कार्डावर एकच मजकूर: 'सध्या विश्रांती घेत आहे.'

मी हे बाकड्यावर सांगितलं तेव्हा पेद्रू मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि गंभीरपणे म्हणाले, "नट तो न्हयच. नट म्हणजे हापूस. जगू पेटीतलां गवत!"

*

पहिलं रेडिओ नाटक! कार्ड आलं: 'रविवारी संध्याकाळी ऐका. माझा सहभाग आहे.' काकीनं वाडीत घरोघरी सांगितलं. भिकूशेटच्या दुकानापुढे जत्रा जमली. काकी पुढे, खाली मान घालून बसलेली, लग्नाच्या नवरीसारखी.

नाटक सुरू झालं. राजा बोलला, राणी बोलली, प्रधान बोलला. प्रत्येक आवाजाला लोक विचारतायत, "ह्यो जगू?" काकी मान हलवून नाही म्हणतेय. तास होत आला. राजाचा राज्याभिषेक झाला आणि गर्दी ओरडली, "महाराजांचा विजय असो!"

काकीनं झटकन मान वर केली. "ह्यो माजो!"

भिकूशेट म्हणाला, "अगो, धा-पंधरा जण वरडले. खयचो तुजो?"

काकी म्हणाली, "सगळ्यांच्या मागसून, उशिरान वरडलो तो."

लोक हसून हसून लोळले. मी तर पुढचे पंधरा दिवस पोस्टात शिक्का मारतानासुद्धा हसत होतो. काकी मात्र हसली नाही, चिडलीही नाही. उठता उठता एवढंच म्हणाली, "एकदा तेचो एकट्याचो आवाज आयकूचो आसा. मागे-फुडे कोण वरडणारो नको. एकटो माजो जगू. मगे माजे डोळे मिटले तरी चलात."

झालं! त्या दिवसापासून आमच्या मागे साडेसाती लागली. दर कार्डाला तिचा एकच प्रश्न: "एकटो आसा, काय गर्दीत?" आणि मला दर वेळी सांगावं लागायचं, "गर्दीत, काकी."

*

दोन वर्षांनी स्वारी जत्रेला गावी आली. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात रुमाल, तोंडात पुस्तकातली भाषा. घरात शिरताना म्हणाला, "आई, आपली प्रकृती कशी आहे?" काकीनं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, तिच्या मागे कुणी मोठी बाई उभी आहे.

दुसऱ्या दिवशी हा मासळीबाजारात. कोळणीपुढे उभा राहून म्हणतो कसा, "बाई, हे मत्स्य कसे दिलेत?"

ती बाई याला लहानपणापासून ओळखणारी. म्हणाली, "मत्स्य अवतार देवळाच्या भिंतीर आसा. हे बांगडे. होये तर घी, नायतर चष्मो काढून बग!"

घेतले नाहीत. नटानं बांगड्यांची पिशवी धरून चालायचं कसं!

*

त्याच जत्रेत त्यानं जो पराक्रम केला, त्याला तोड नाही.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण देवापुढे उभा राहून गावातर्फे मागणं मागतो, आणि तो जिथे थांबेल तिथे सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं घालणाऱ्याला कुठे थांबायचं ते बरोबर ठाऊक असतं. आणि बाकीचे? बाकीचे ऐकत नसतात. तो थांबला की होकार द्यायचा, एवढंच. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय.

त्या वर्षी गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याचा घसा बसला. कुणा शहाण्याला सुचलं, "आपलो रेडिओवालो आसा मा हयसर!" काकीचा चेहरा असा फुलला म्हणता! तिला वाटलं, रेडिओवर नाही तर नाही, इथे तरी एकट्याचा आवाज ऐकायला मिळेल.

जगू पुढे झाला. चष्मा काढला, हात पसरले. आवंढा गिळला.

"हे देवाधिदेवा! जे कोणी या वाडीचं वाईट चिंततील, त्यांचं कल्याण..."

आणि नाटकवाल्यासारखा थांबला.

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ गरजलं.

"...होऊ देऊ नकोस!" जगू घाईघाईनं म्हणाला. पण होकार तर जाऊन बसला होता. पुढच्या वाक्याला तरी सावध व्हावं? छे! हा आपला रंगात आलेला.

"यंदा आमच्या कलमांना भरघोस मोहोर येऊ दे, आणि तो सगळा गळून..."

इथं त्यानं डोळे मिटले. आवंढा गिळला.

"व्हय म्हाराजा!"

"...जाण्यापासून वाचव!"

आता कोण ऐकतंय? लोक नमस्कार करून प्रसादाच्या नारळाच्या कवडीकडे धावले सुद्धा.

त्या वर्षी तुडतुड्यानं मोहोर असा झडला की झाडाखाली चटई पसरल्यासारखं दिसायचं. बागायतदार जगूला मारायला शोधत होते, तो आधीच बोटीत बसून पसार. सगळ्यात मौज म्हणजे काकीच्या कलमांवर एक पेटी भरेल इतकेही आंबे धरले नाहीत. साहेबांना पेटी नाही. जगूला त्या वर्षी एकसुद्धा काम नाही. देवासमोर उभं राहून स्वतःचंच करिअर झडू दे म्हणणारा नट जगात दुसरा दाखवा!

मी काकीला हे तोंडावर सुनावलं. काय म्हणावं तिनं?

"बगलंस? माझ्या झिलाचो आवाज देवापातूर पोचता. रेडिओवाल्यांकच आयकाक येणा नाय."

*

मग सिनेमा. देवगडला तंबूतला सिनेमा यायचा. पौराणिक चित्र लागलं आणि जगूचं कार्ड: 'नायकासोबत एकाच प्रसंगात आहे. प्रसंग दीर्घ आहे.' या वेळी खोटं नव्हतं हो! आम्ही काकीला घेऊन गेलो. सतरंजीवर सगळ्यात पुढे बसलो.

युद्ध झालं. नायक रणभूमीवर उभा राहून भाषण करायला लागला. पाच मिनिटं केलं. त्याच्या पायाशी, अगदी मधोमध, आमचा जगू होता. उताणा. छातीत बाण.

काकी ताडकन उभी राहिली. "जगू! रे माझ्या बाबा! कोणी मारल्यान रे तुका!"

तंबूत हशा. काकी काही केल्या ऐकेना. नायकाला शिव्या घालायला लागली, "फटकी पडो तुझ्या तोंडार! माजो झील मेलोहा आणि तू थंयसर भाषणां कसली करतंस!" ती पडद्याकडेच धावली. मी एक हात धरला, भिकूशेटनं दुसरा.

तेवढ्यात पेद्रू मास्तर ओरडले, "काकी, रडू नको! पोट बग तेचां! पोट हलता!"

आणि खरंच! नायकाचं भाषण लांबलं, याला दम धरवेना. मुडद्याचं पोट खाली-वर, खाली-वर. काकीनं पदरानं डोळे पुसले, निरखून पाहिलं आणि किंचाळली, "हलता रे हलता! जिवंत आसा!"

सगळ्या तंबूनं टाळ्या वाजवल्या. मेलेल्याचं काम करताना श्वास घेतला म्हणून टाळ्या मिळालेला हा एकमेव कलावंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी पोस्टात हजर. "लिही. मेलेल्याचां काम परत घेव नको. उपाशी रवलंस तरी चलात. तुका तुझ्या आवशीची आण."

मी लिहिलं. आणि त्या गाढवानं आईची शपथ पाळली! सिनेमात त्याला तेवढंच काम बऱ्यापैकी मिळत होतं, कारण त्यात बोलायचं नव्हतं. तेही सोडून दिलं. भिकूशेट म्हणाला, "एकच काम जमत होतां, तांय आवशीन सोडयल्यान." मला तर त्या आज्ञाधारकपणाचाच राग आला. ज्याला धड मरता येत नाही, त्यानं बोलायचे नखरे करू नयेत.

*

यानंतर पाच-सहा वर्षं जगू गर्दीत ओरडत राहिला, आणि काकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत राहिला. शेवटी शेवटी तिला माणूस फक्त आवाजावरून कळायचं. ऑपरेशनला चल म्हटलं तर म्हणायची, "बगूचां काय ऱ्हवलाहा? कान शाबूत आसत, तितक्यां पुरे."

आणि एका वैशाखात कार्ड आलं. वाचताना माझाच विश्वास बसेना. 'येत्या रविवारी संध्याकाळच्या नाटकात मला एक संपूर्ण वाक्य आहे. मी बंदरावरचा शिपाई आहे. वाक्य: साहेब, बोट लागली! आईला सांगा. एकट्याचं आहे.'

पेटी अजून काकीच्या घरात गवतात पिकत होती, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या बोटीनं जायची होती. म्हणजे साहेबांनी या वेळी नुसत्या वासावर काम दिलं!

पेद्रू मास्तरांनी बोटं मोजली. "साहेब. बोट. लागली. धा वर्सांत तीन शब्द!"

काकीला वाचून दाखवलं. तिनं कार्ड हातात घेतलं, उलटं धरलं आणि कपाळाला लावलं. "एकटो?"

"एकटो, काकी."

आता नेमकी रेडिओची बॅटरी उतरलेली. तेव्हा वीज कुठली, विटेएवढाल्या सुक्या बॅटरीवर रेडिओ चालायचा. नवी बॅटरी मुंबईहून यायची होती, तीही रविवारनंतरच्याच बोटीला. उरलासुरला जीव रविवारसाठी राखायला भिकूशेटनं चार दिवस रेडिओला हात लावला नाही. बाजारभाव ऐकला नाही, गाणी ऐकली नाहीत. रोज जगूच्या नावानं शंख करायचा. मास्तरांनी कुठेसं ऐकलं होतं की ऊन दिलं की बॅटरीत थोडा जीव येतो. रविवारी सकाळपासून ते अंगणात बसून, सुके बांगडे परतावेत तशी ती बॅटरी परतत होते, आणि प्रत्येक परतण्याला जगूला एक इंग्रजी शिवी. मी बाजूला उभा राहून कावळे हाकत होतो. का, ते विचारू नका. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तीन शहाणी माणसं, एका ढ नटाच्या तीन शब्दांसाठी!

संध्याकाळी काकी आली. ठेवणीतलं लुगडं, डोक्यात अबोलीचा वळेसर. बाकड्यावर बसली. बाकीच्या गावानं जगूचा नाद कधीच सोडला होता, त्यामुळे आम्ही चौघंच. रेडिओ आत फळीवर, तांदळाच्या गोणींच्या पलीकडे. भिकूशेट आणि मी आत, मास्तर काकीपाशी बाहेर.

नाटक लागलं. आवाज आधीच बारीक. भिकूशेटनं बटण पूर्ण पिळलं. साहेबाचं काम करणारा नट बंदरावर येरझाऱ्या घालत होता. मुलगी परत येणार होती की काय ते मला आता आठवत नाही. आवाज बारीक, आणखी बारीक. साहेब म्हणाला, "किती वाट पाहायची? बोट लागली की नाही अजून?"

आणि रेडिओ मेला.

भिकूशेटनं थापट्या मारल्या. काही नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड मी असं कधी पाहिलं नव्हतं, दुकानाला आग लागल्यावर व्हावं तसं झालं होतं. दारातून मला काकी दिसत होती. मान पुढे काढलेली, डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले.

फळीवर बिस्किटांचा रिकामा डबा होता. तो मी उचलला, त्यात तोंड घातलं आणि नाकातून म्हटलं, "साहेब, बोट लागली!"

घाईत आवंढा राहिला. ते मला नंतर आठवलं.

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं भिकूशेट बाहेर गेला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "काकी, बॅटरी गेली गो."

"जावंदे," काकी म्हणाली. "माजां काम झालां." उठली, आणि मास्तरांचा हात धरून घरी गेली.

असला किस्सा हाती असताना आम्ही तिघांनी चार दिवस तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बाकड्याच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं.

गुरुवारी टपालात जगूचं कार्ड, माझ्याच नावानं. 'आप्पा, घात झाला. माझं वाक्य आलं तेव्हा मी आवंढा गिळत होतो. साहेब झालेल्या नटानं वाट न बघता स्वतःच "बोट लागलेली दिसते" म्हणून टाकलं. नाटक थेट चालू होतं, परत घेता येईना. आईला कसं तोंड दाखवू? तुम्हीच काहीतरी सांगा.'

मी ते बाकड्यावर वाचलं. भिकूशेटनं तागडी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे मेल्याचो अख्ख्या जल्मातलो एकच डायलॉग, आणि तोय तू म्हटलंस!"

मी कार्ड घेऊन काकीकडे गेलो. ओटीवर ती बसली होती. शेजारी पेटी, खिळे ठोकून, सुंभानं बांधून तयार. दुसऱ्या दिवशीच्या बोटीची. मी कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि त्यावर नव्हतं ते वाचलं: "आई, माझं वाक्य ऐकलंस ना? कसं झालं ते कळव."

काकीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "लिही."

मी खिशातून कोरं कार्ड काढलं.

"चिरंजीव जगूक आशीर्वाद. वाक्य आयकलंय. बरां झालां. जिवाक सांभाळ. काम नसलां तर घराक ये, लाज धरू नको." जरा थांबली. "लिवलंस?"

"लिवलंय."

"आता फुडे लिही. अवंदा पेटी सायबाक येवची नाय."

"कित्याक गो काकी?"

"तू लिही रे. जो येळेर बोललो, तेका दिलंय."

मी लिहिलं. तिनं हातानं चाचपून पेटी शोधली आणि माझ्याकडे सरकवली.